पेयांतून येणारे उष्मांक : अमेरिकेचा अनुभव

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल दिवसभरात काय खाल्ले, असे एखाद्या गृहस्थास विचारले, तर तो भाकरी, भाजी, वरण, भात अशी यादी सांगेल. चार वेळा घेतलेला चहा आणि बाजाराच्या दिवशी प्यालेले शीतपेय त्या यादीत बहुधा येणार नाही. पिणे म्हणजे खाणे नव्हे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु चहातील साखर, दुधातील स्निग्धांश आणि बाटलीतील पाक यांतूनही शरीराला उष्मांक मिळतातच. पेयांतून येणाऱ्या या उष्मांकांचा हिशेब एखाद्या राष्ट्राने ठेवला नाही, तर काय घडते? आणि हिशेब ठेवून उपाय योजले, तर कितपत साध्य होते? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अमेरिकेच्या गेल्या सुमारे साठ वर्षांच्या इतिहासात सापडतात. म्हणून आजच्या विवेचनासाठी तो देश निवडला आहे.

मोजणी कशी झाली

अमेरिकेत लोकांच्या आहाराची पाहणी दीर्घकाळ चालू आहे. प्रथम त्या देशाच्या कृषी खात्याने हे काम केले. पुढे १९७१ पासून आरोग्य खात्याच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीची त्यात भर पडली आणि १९९९ पासून ही पाहणी सलग सुरू झाली. निवडलेल्या कुटुंबांतील व्यक्तींना गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले व काय प्याले हे विचारले जाते. फिरत्या तपासणी केंद्रांतून त्यांचे वजन, उंची व रक्त तपासले जाते. दरवर्षी सुमारे पाच हजार व्यक्तींची अशी नोंद होते. आठवणीवर विसंबलेल्या नोंदीत काही चूक राहणारच. तथापि पद्धत तीच ठेवून वर्षानुवर्षे मोजणी केल्यास बदलाची दिशा स्पष्ट दिसते. पेयांचा प्रश्न लोकांसमोर आला तो या नोंदींमुळेच.

चढता आलेख

उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील प्राध्यापक बॅरी पॉपकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाहण्या एकत्र करून अभ्यासल्या. १९६५ साली अमेरिकेतील प्रौढ माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी ११.८ टक्के उष्मांक पेयांतून येत होते. २००२ साली हे प्रमाण २१ टक्क्यांवर गेले. म्हणजे दर माणशी दररोज सुमारे २२२ उष्मांकांची भर पडली. एक मध्यम भाकरी आणि थोडी भाजी यांतून जेवढे उष्मांक मिळतात, तेवढेच हे. फरक इतकाच, की भाकरी खाल्ल्यावर माणसाला आपण जेवलो असे वाटते. येथे तसे काही घडले नाही.

ही भर कोठून आली, हेही नोंदींतून दिसते. १९७७ ते २००१ या काळात गोड पेयांतून येणारे उष्मांक १३५ टक्क्यांनी वाढले, तर दुधातून येणारे उष्मांक ३८ टक्क्यांनी घटले. ताटाशेजारचा दुधाचा पेला मागे सरला आणि त्या जागी साखरेच्या पाकाचे पाणी आले. दुधातून प्रथिने व चुना मिळतो; शीतपेयात साखर, पाणी, रंग, स्वाद व वायू यांखेरीज फारसे काही नसते. उष्मांकांची संख्या वाढली. पोषण मात्र घटले.

बाटली मोठी कशी झाली

लोकांची तहान अचानक वाढली, असे काही झाले नाही. बदलले ते भांडे, भाव आणि विक्रीचे ठिकाण.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोका-कोलाची प्रचलित बाटली साडेसहा औंसांची, म्हणजे सुमारे १९२ मिलिलिटरची होती. पुढे बारा औंसांचा डबा आला. १९९०च्या दशकात वीस औंसांची प्लॅस्टिकची बाटली सर्वत्र दिसू लागली. १९८० साली एका दुकानसाखळीने बत्तीस औंसांचा, म्हणजे जवळजवळ एक लिटरचा पेला विक्रीस ठेवला. बारा औंसांच्या डब्यात ३९ ग्रॅम साखर व १४० उष्मांक असतात. वीस औंसांच्या बाटलीत ६५ ग्रॅम साखर व २४० उष्मांक. माणूस भांडे रिकामे होईपर्यंत पितो. भांडे मोठे झाले तसा उष्मांकही वाढला.

दुसरे कारण शेतीशी निगडित आहे. अमेरिकेत आयात साखरेवर निर्बंध असल्याने साखर महाग होती, तर मक्याचे पीक विपुल व स्वस्त होते. मक्याच्या पिठुळापासून गोड पाक तयार करण्याची कृती १९७०च्या दशकात व्यापारी प्रमाणावर वापरात आली आणि १९८४ पर्यंत तेथील दोन्ही मोठ्या शीतपेय कंपन्यांनी उसाच्या वा बिटाच्या साखरेऐवजी हा पाक स्वीकारला. गोडवा स्वस्त झाल्यामुळे पेला मोठा करण्यास कंपन्यांना फारसा खर्च येईना.

तिसरे कारण शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. १९९०च्या दशकात निधीची चणचण असलेल्या अनेक शाळांनी शीतपेय कंपन्यांशी करार केले. शाळेच्या आवारात एकाच कंपनीची पेये विकली जातील आणि मोबदल्यात शाळेला पैसे मिळतील, असे त्यांचे स्वरूप असे. क्रीडासाहित्य आणि वाद्यवृंदाचा खर्च त्यातून भागला. परंतु नाणे टाकताच बाटली देणारे यंत्र वर्गाच्या दाराशी उभे राहिले, आणि आपल्या उत्पन्नाचा एक भाग मुलांच्या साखरेतून येत आहे, हे शाळांच्या उशिरा लक्षात आले.

शरीराचा हिशेब

येथे असा प्रश्न विचारला जाईल, की पेयातून उष्मांक अधिक गेले तर माणूस तेवढे जेवण कमी करीत नाही काय? इंडियाना राज्यातील परड्यू विद्यापीठात प्राध्यापक रिचर्ड मॅट्स व त्यांच्या सहकारी संशोधिकेने हा प्रश्न पडताळून पाहिला. त्यांचा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. पंधरा व्यक्तींना चार आठवडे दररोज ४५० उष्मांकांच्या साखरेच्या गोळ्या खाण्यास दिल्या आणि अन्य चार आठवडे तितक्याच उष्मांकांचे शीतपेय दिले. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांनी नकळत इतर अन्न तेवढ्याच प्रमाणात कमी केले. शीतपेय घेतले तेव्हा इतर अन्न कमी झाले नाही आणि वजन वाढले.

प्रयोग लहान होता, परंतु त्याने दाखविलेली दिशा पुढील संशोधनातही दिसून आली. चावून खाल्लेल्या अन्नाची जशी नोंद शरीर घेते, तशी प्यालेल्या साखरेची घेत नाही. भुकेचा काटा जागेवरच राहतो आणि उष्मांक मात्र जमा होतात. ज्याची नोंद माणूस ठेवीत नाही आणि शरीरही पुरती ठेवीत नाही, अशा गोष्टीची नोंद समाजाने ठेवणे भाग पडते.

उतरणीचा काळ

सुदैवाने हा आलेख चढतच राहिला नाही. शतक पालटल्यानंतर तो उतरू लागला. २ ते १९ वर्षे वयोगटातील मुले व युवक १९९९-२००० साली गोड पेयांतून दररोज सरासरी २२३ उष्मांक घेत होते. २००९-१० साली हा आकडा १५५ झाला. प्रौढांचा आकडा १९६ वरून १५१ वर आला. २०११ ते २०१४ या काळात तो अनुक्रमे १४३ व १४५ पर्यंत उतरला.

हे एका उपायाने झाले नाही. वर्तमानपत्रांतून व दवाखान्यांतून लोकशिक्षण झाले. २००६ साली तेथील हृदयरोगविषयक संस्था आणि माजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे प्रतिष्ठान यांच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी शाळांतून पूर्ण साखरेची शीतपेये मागे घेण्याचे मान्य केले. २०१० साली शालेय आहाराचा नवा कायदा संमत झाला. त्यानुसार, जेथे मुले दुपारचे जेवण घेतात तेथे पिण्याचे पाणी विनामूल्य उपलब्ध असणे शाळांना बंधनकारक झाले. २०१६ साली वेष्टनावर वरून घातलेल्या साखरेचा आकडा वेगळा छापण्याचा नियम करण्यात आला.

करांचा मार्गही चोखाळला गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली शहराच्या मतदारांनी गोड पेयांवर औंसामागे एक सेंट कर बसविण्यास संमती दिली. जानेवारी २०१७ पासून फिलाडेल्फिया शहराने औंसामागे दीड सेंट कर लावला. पहिल्या वर्षी तेथील मोठ्या दुकानांतील अशा पेयांचा खप ५१ टक्क्यांनी उतरला. काही ग्राहक शहराच्या हद्दीबाहेर जाऊन खरेदी करू लागले. ती वजा जाता निव्वळ घट ३८ टक्के भरली.

अपयशाची उदाहरणेही आहेत. न्यूयॉर्क शहराने २०१२ साली सोळा औंसांहून मोठ्या पेल्यातून गोड पेय विकण्यास मनाई करण्याचे ठरविले. परंतु न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि २०१४ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कॅलिफोर्निया राज्यात तर २०१८ साली असा कायदा झाला, की नगरपालिकांना असे नवे कर लावण्यास २०३१ पर्यंत मज्जाव झाला. व्यापाराचे बळ किती मोठे असते, हे यावरून ध्यानात येईल.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. गोड पेये घटली म्हणून अमेरिकेतील स्थूलता घटली नाही. १९९९-२००० साली तेथील प्रौढांत स्थूलतेचे प्रमाण ३०.५ टक्के होते. २०१७-१८ साली ते ४२.४ टक्के झाले. पेय हे अनेक कारणांपैकी एक आहे, आणि तीस वर्षांत जडलेली सवय दहा वर्षांत सुटली तरी तिचे परिणाम तितक्या लवकर पुसले जात नाहीत. शरीरावर चढलेले वजन उतरविण्यापेक्षा ते चढू न देणे सोपे, हाच या आकड्यांचा बोध आहे.

पाण्यावरचा विश्वास

माणसाने गोड पेय टाकले, तर तो दुसरे काय पिणार? २००६ साली अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांच्या एका मंडळाने पेयांची सहा पायऱ्यांत प्रतवारी केली. पहिल्या पायरीवर पाणी, दुसरीवर बिनसाखरेचा चहा व कॉफी, तिसरीवर कमी स्निग्धांशाचे दूध, आणि शेवटच्या पायरीवर साखर घातलेली पेये. यात धक्कादायक असे काही नाही. अडचण पुढेच आहे. पहिली पायरी सर्वांना उपलब्ध आहे काय?

२०११ ते २०१६ या काळातील पाहणीचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेसारख्या संपन्न देशात पाचांपैकी एक मूल दिवसभरात साधे पाणी मुळीच पीत नव्हते. अशी मुले इतर मुलांपेक्षा गोड पेयांतून दररोज सुमारे ९३ उष्मांक अधिक घेत होती. पाणी गेले की त्याची जागा साखर घेते, ही गोष्ट या एका आकड्यात सामावली आहे.

पाणी का जाते, याचे एक उत्तर मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने दिले. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी त्या शहराचा पाणीपुरवठा नदीवर वळविण्यात आला. नळ गंजू नयेत म्हणून करावयाची प्रक्रिया केली गेली नाही. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले आणि ते मुलांच्या रक्तात गेले. बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या या शहरात नळाच्या पाण्यावरचा विश्वास उडाला. कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक कुटुंबांत नळाच्या पाण्याविषयीचा अविश्वास अधिक आहे, आणि त्याच समाजांतील प्रौढांच्या आहारात गोड पेयांच्या उष्मांकांचा वाटाही श्वेतवर्णीयांपेक्षा अधिक आहे. ज्या घरात नळाची तोटी सोडण्याची भीती वाटते, त्या घराला शीतपेय सोडण्याचा उपदेश करून काय उपयोग?

याउलट विश्वास परत मिळविता येतो, हे न्यूयॉर्कच्या शाळांनी दाखविले. तेथील शाळांच्या भोजनगृहांत नळाचे पाणी थंड करून चटकन पेल्यात देणारी साधी यंत्रे क्रमाक्रमाने बसविण्यात आली. पाणी पारदर्शक भांड्यात मुलांना समोर दिसे. सुमारे बाराशे शाळांतील दहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. यंत्र आल्यानंतर अतिरिक्त वजनाचे प्रमाण मुलांत ०.९ व मुलींत ०.६ टक्के-अंकांनी कमी झाले. दुधाची उचलही काहीशी घटली, ही त्यातील सावधगिरीची बाब होय. घट लहान दिसते. परंतु ती कोणतीही सक्ती न करता, केवळ पाणी समोर ठेवल्यामुळे झाली.

गावाच्या हाती काय आहे

अमेरिकेचा अनुभव महाराष्ट्राला जसाच्या तसा लागू पडणार नाही. येथे अजूनही अनेक मुलांना पुरेसे उष्मांक मिळत नाहीत. त्यांच्या दृष्टीने दुधाचा पेला किंवा ताकाचे भांडे हे पोषणच आहे. उष्मांक हा काही शत्रू नव्हे. तथापि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. तेव्हा साखरेच्या पेयांचा हिशेब भारतालाही टाळता येणार नाही.

तो हिशेब चहाच्या कपापासून सुरू करावा. एक चमचा साखर म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, म्हणजेच वीस उष्मांक. कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप धरले, तर केवळ साखरेचे १६० उष्मांक होतात. अमेरिकेतील शीतपेयाच्या एका डब्यापेक्षा ते अधिकच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी शिफारस केली, की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत ठेवावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम. चार कप चहात त्यांपैकी ४० ग्रॅम संपतात. ग्रामपंचायतीच्या बैठकीत, शाळेच्या शिक्षक-कक्षात आणि कचेरीत दर तासाला येणाऱ्या चहात एक चमचा साखर कमी केली, तर कोणाच्या आदरातिथ्यास उणेपणा येणार नाही.

शाळांबाबत कायद्याचा आधारही आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या विनियमांनुसार अतिरिक्त साखर, मीठ वा स्निग्धांश असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. मुख्याध्यापकाने आपल्या शाळेच्या दारापासून पन्नास पावले चालून पाहिले, तर नियमाची स्थिती त्यांना स्वतःलाच कळेल.

कर बसविणे हे केंद्राचे व राज्याचे काम आहे. वेष्टनावर काय छापावे, हे दिल्लीत ठरते. पिण्याचे पाणी मात्र ग्रामपंचायतीच्या हाती आहे. शाळेच्या व अंगणवाडीच्या टाकीची वेळेवर सफाई, पाण्याची नियमित तपासणी, शुद्धीकरणासाठी पुरेशी पूड, चालू असलेली तोटी, झाकलेला माठ, लांब दांड्याचे ओगराळे आणि मुलांच्या हाताला पोहोचेल अशी उंची, एवढ्या गोष्टी असल्या की मूल पाणी पिते. तपासणीचा निकाल शाळेच्या फळ्यावर लिहिला तर पालकांचा विश्वासही बसतो. अमेरिकेने यंत्रे बसवून जे साधले, त्यातील बरेचसे काम येथे माठ करू शकेल. त्या माठातील पाणी स्वच्छ आहे, याची हमी गावाने दिली पाहिजे.

महाराष्ट्रात दारी आलेल्या पाहुण्यापुढे प्रथम पाण्याचा तांब्या ठेवण्याची जुनी रीत आहे. चहा त्यानंतर आला. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी ती रीत पाळण्याचे काम पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी मिळून हाती घ्यावे, एवढीच विनंती.